पुढे काढण्याची विद्या

गाडी चालवणे आणि गाडी पुढे काढणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे मला कुंभार्ली घाटात समजले. पहिली मला येत होती. दुसरीही येते असा माझा समज होता. चिऱ्यांनी भरलेल्या एका ट्रकच्या मागे मी पंधरा-वीस मिनिटे रखडलो होतो. शेजारी थोरले काका बसले होते. त्यांनी तीस वर्षे ट्रक चालवलेला. एका वळणाच्या तोंडाशी रस्ता मोकळा असल्याचे मला वाटले. मी हॉर्न दिला आणि गाडी बाहेर काढली. ट्रकच्या मध्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच वळणातून एस.टी. समोर आली. पुढे जायला जागा नव्हती, मागे यायला वेळ नव्हता. त्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि ट्रक दरडीला घासेल इतका आत घेतला. मी कसाबसा त्याच्यापुढे शिरलो. एस.टी. निघून गेली. माझे पाय मात्र बराच वेळ थरथरत होते.

काका काही बोलले नाहीत. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी किल्ली मागून घेतली, खिशात टाकली आणि एकच प्रश्न विचारला. ट्रकवाल्याच्या आरशात मला त्याचा चेहरा दिसला होता का? मला दिसला नव्हता. मग काका म्हणाले की मला त्याचा चेहरा दिसला नाही, त्याअर्थी त्यालाही मी दिसलो नव्हतो. मी त्याला मागे टाकले नाही, त्याने मला वाचवले.

पुढचे दोन महिने किल्ली मिळाली नाही. गाडी चालवायला मिळेना, तेव्हा मी जुन्या मोटारशर्यतींच्या चित्रफिती पाहू लागलो. आरंभी हेतू काहीसा दुष्टच होता. बेधडक घुसणारे वीर पाहावेत आणि काकांच्या सावधपणाला मनातल्या मनात उत्तर द्यावे, एवढाच. त्या नादात एका मनुष्याची गाठ पडली आणि उत्तर काकांच्या बाजूने गेले. त्या मनुष्याचे नाव जिम क्लार्क. त्याला जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्याचे चरित्र थोडक्यात सांगावे, विशेषतः तो पुढे जायला कसा शिकला ते सांगावे, म्हणून हा लेख.

*

जेम्स क्लार्क याचा जन्म ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात किलमनी येथे झाला. घराणे शेतकऱ्याचे. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सरहद्दीजवळच्या बर्विकशायरमध्ये आले. चर्नसाइड गावाजवळची एडिंग्टन मेन्स ही तिथली त्यांची शेती. मेंढ्या, गुरे, धान्य असा सगळा बारदाना. जिम एडिंबरोकडच्या शाळांत शिकला आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून शेतीच्या कामाला लागला. एकुलत्या मुलाने शेती सांभाळावी यात आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटू नये. मोटारींच्या शर्यतीत पडणे हे त्याच्या आईवडिलांना साफ नापसंत होते, यातही नवल वाटू नये.

स्वभावाने मुलगा बुजरा. नखे कुरतडण्याची त्याची सवय पुढे जगज्जेता झाल्यावरही सुटली नाही. साध्यासाध्या बाबतींत निर्णय घेताना तो घुटमळे. कोठे जेवायला जावे इतक्याशा गोष्टीवरही त्याचे चटकन ठरत नसे, असे त्याचे मित्र सांगत. अशा माणसाच्या हाती स्टिअरिंग आले की हे घुटमळणे कोठे नाहीसे होई, हे कोडे त्याच्या जवळच्यांनाही उलगडले नाही. मला मात्र वाटते की ते नाहीसे होत नसावे. रस्त्याकडे दोनदा पाहण्याची ती सवयच गाडीत बसल्यावर त्याच्या कामी येत असावी.

त्याच्या गावाच्या आसपास दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ ओस पडले होते. चार्टरहॉल आणि विनफील्ड ही त्यांपैकी दोन नावे. विमाने गेली, धावपट्ट्या उरल्या. युद्धानंतर ब्रिटनमधल्या हौशी मोटारशर्यतींचा संसार बऱ्याच अंशी अशा धावपट्ट्यांवरच उभा राहिला. आपल्याकडे हौशी रंगभूमी जशी शाळेच्या हॉलमध्ये आणि गणपतीच्या मंडपात वाढली, तसाच हा प्रकार. आठवडाभर शेत, दुकान, कारखाना सांभाळायचा आणि रविवारी स्वतःची गाडी घेऊन शर्यतीला जायचे. बक्षीस नाममात्र, खर्च पदरचा. जिमने सुरुवात केली ती आपल्या सनबीम टॅल्बट गाडीने, गावपातळीवरच्या रॅली आणि टेकडी चढण्याच्या स्पर्धा यांत.

इयन स्कॉट-वॉटसन नावाचा त्याचा एक मित्र होता. तोही शेतकरी आणि तोही शर्यतींचा शौकीन. १६ जून १९५६ रोजी उत्तरेकडच्या क्रायमंड येथे, असल्याच एका जुन्या विमानतळावर, त्याने आपली डीकेडब्ल्यू ही लहानशी जर्मन गाडी जिमला चालवायला दिली. वर्तुळमार्गावरची जिमची ही पहिली शर्यत. मित्राची गाडी मित्रापेक्षा जिमच अधिक वेगाने चालवतो, हे पाहणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. स्कॉट-वॉटसनच्या मनाचा मोठेपणा असा की ते त्याच्याही ध्यानात आले आणि त्याने ते मान्य केले. स्वतः मागे सरून त्याने पुढची काही वर्षे जिमसाठी गाड्या मिळवल्या. पुढे जाणाऱ्या माणसाला कोणीतरी आधी वाट करून द्यावी लागते. जिमच्या आयुष्यात हे काम पहिल्यांदा स्कॉट-वॉटसनने केले.

*

येथे थोडे थांबून शर्यतीत पुढे जाणे म्हणजे नेमके काय असते ते सांगतो. ते माहीत नसेल तर पुढच्या हकीकतीतला अर्थ निसटेल.

सरळ रस्त्यावर वेगवान गाडीने संथ गाडीला मागे टाकणे यात कौशल्य थोडेच. अडचण येते ती दोन गाड्या जवळजवळ सारख्या वेगाच्या असतात तेव्हा. प्रत्येक वळणावर झपाट्याने जाण्याची एक उत्तम वाट असते. गाडी बाहेरच्या कडेने येते, वळणाच्या पोटात शिरते आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जाते. ही वाट एकाच गाडीपुरती असते. पुढच्याने ती धरली की मागच्याला पुढे जायचे तर वाकडी वाट धरावी लागते. म्हणजे पोटाकडून घुसून ब्रेक थोडा उशिरा दाबावा लागतो. उशीर कमी झाला तर पुढे जाता येत नाही; जास्त झाला तर गाडी थांबत नाही. नवशिक्या येथेच फसतो. त्याचे सारे लक्ष समोरच्या गाडीच्या मागच्या चाकांवर खिळते आणि वळण कोठे सुरू होते याचा त्याला विसर पडतो.

दुसरा मार्ग सबुरीचा. वळणात झुंजायचे नाही. उलट वळणात शिरताना किंचित मागे राहायचे, वळण नीट घ्यायचे आणि बाहेर पडताना समोरच्याच्या आधी गाडीला वेग द्यायचा. पुढची गाडी हवा कापत जाते, तिच्या मागे विरळ हवेचा पट्टा तयार होतो. त्यात शिरले की आपल्या गाडीला हवेचा अडथळा कमी होतो आणि ती आपोआप ओढल्यासारखी पुढे जाते. योग्य क्षणी त्या पट्ट्यातून बाजूला निघायचे आणि पुढच्या वळणापूर्वी शेजारी येऊन उभे राहायचे. म्हणजे गाडी ज्या जागी पुढे जाते त्या जागी ते ठरलेले नसते. ते एक वळण आधीच ठरलेले असते.

आणि तिसरी गोष्ट, काकांची. आपण शेजारी आलो आहोत हे समोरच्याला ठाऊक हवे. त्या काळच्या शर्यतीच्या गाडीचे आरसे तळहाताएवढे. तेही थरथरणारे, धुळीने आणि तेलाने माखलेले. त्यात आपण दिसलो नाही तर समोरचा आपल्या नेहमीच्या वाटेने वळणार, आणि त्या वाटेवर आपण असणार.

हौशी शर्यतीत हे सारे शिकायला एक सोय असते. तिथे गाड्या सारख्या नसतात, चालकही सारखे नसतात. एकाच शर्यतीत कोणी तरबेज, कोणी पहिल्यांदाच आलेला. त्यामुळे पुढे जाणे आणि मागे पडणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी करावी लागतात. जिमने ती भरपूर केली. १९५७ मध्ये स्कॉट-वॉटसनची पॉर्शे चालवीत तो शर्यती जिंकू लागला. १९५८ मध्ये बॉर्डर रीव्हर्स या त्याच्या मुलखातल्या संघाने त्याला जॅग्वार डी-टाइप ही मोठी, दांडगी गाडी दिली. त्या एका वर्षात त्याने देशांतर्गत शर्यतींत अठरा विजय मिळवले. परंतु त्याचा खरा धडा विजयात नव्हता.

*

मे १९५८ मध्ये तो प्रथमच परदेशी शर्यतीला गेला, बेल्जममधील स्पा येथे. चौदा किलोमीटरची ती फेरी एरवी रहदारीच्या असलेल्या गावरस्त्यांवरूनच जाई. दोन्ही बाजूंना झाडे, घरे, तारांची कुंपणे. आकाश एका टोकाला कोरडे आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, ही तिथली नित्याची गोष्ट. विमानतळाच्या सपाट पट्टीवर वाढलेल्या बावीस वर्षांच्या या मुलाला तो रस्ता नवा होता. शर्यतीत आघाडीवर असलेला अमेरिकन चालक मास्टन ग्रेगरी आपल्या लिस्टर-जॅग्वारमधून त्याला एक फेरी मागे टाकून निघून गेला. आपण शिकस्तीने चालवतो आहोत असे जिमला वाटत असताना ती गाडी आडवी होत, झगडत, तरीही कितीतरी अधिक वेगाने शेजारून गेली. त्या क्षणी हा खेळ सोडून द्यावा असे वाटले, हे त्याने पुढे मोकळेपणाने कबूल केले.

त्याच शर्यतीत ग्रेगरीशी अटीतटीने झुंजणारा, आलटून पालटून आघाडी घेणारा आर्ची स्कॉट-ब्राउन ओल्या रस्त्यावरून बाहेर फेकला गेला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. जन्मतःच उजवा हात अपुरा असूनही तो बिनीचा चालक झाला होता. पुढे जाण्याच्या खेळाची किंमत जिमने अशी पहिल्याच परदेशवारीत पाहिली. स्पाविषयीची त्याची नावड त्या दिवसापासून जन्मभर टिकली.

वर्षअखेरीस, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लंडनजवळच्या ब्रँड्स हॅच येथे दहा फेऱ्यांची एक लहानशी शर्यत झाली. जिमकडे लोटस एलीट ही गाडी होती. तशाच गाडीत त्याच्याशी स्पर्धा करणारा मनुष्य होता कॉलिन चॅपमन, म्हणजे ती गाडी ज्याने घडवली तोच. जिम चॅपमनच्या पुढे होता. इतक्यात एका मागे पडलेल्या गाडीने त्याची वाट अडवली आणि तेवढ्या संधीत चॅपमन निसटला. जिम दुसरा आला. हरलेल्या या शर्यतीने त्याचे नशीब पालटले, कारण चॅपमनला त्याच्या हातातले कसब दिसले. यानंतर ग्रां प्रीच्या जगात जिमने आयुष्यभर लोटसखेरीज दुसऱ्या कोणाची गाडी चालवली नाही.

मला या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. संथ गाडीला ओलांडतानाही शर्यत हरता येते, हे त्याला त्या दिवशी कळले असले पाहिजे. पुढे तो एवढा वेगवान झाला की आरंभीच आघाडी घेई, आणि मग त्याला ओलांडायच्या असत त्या बहुतेक मागे पडलेल्याच गाड्या. एक-एक फेरी मागे असलेल्या त्या गाड्यांना तो असा ओलांडे की त्यांची वाट मोडत नसे आणि त्याचीही गती मोडत नसे. त्याच्या गाडीचे ब्रेक आणि टायर इतरांपेक्षा कमी झिजत. धसमुसळेपणा त्याच्या हातात नव्हता.

*

जून १९६० मध्ये हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे तो पहिली ग्रां प्री शर्यत खेळला. दुसरी शर्यत पंधरवड्यातच आली, आणि ती स्पाला. त्या दिवशी दोन तरुण चालक गेले. ख्रिस ब्रिस्टो हा एका प्रतिस्पर्ध्याशी जागेसाठी झुंजताना रस्त्याबाहेर गेला. अपघातानंतर लागलीच तिथे पोहोचलेल्या गाड्यांत जिमची गाडी होती. जे पाहू नये ते त्याने पाहिले. त्यानंतर थोड्या वेळाने त्याच्याच संघातला ॲलन स्टेसी तोंडावर पक्षी आदळून मरण पावला. जिम पाचवा आला आणि विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेतले पहिले गुण त्याला मिळाले. असे गुण मिळाल्याचा आनंद कोणाला होईल?

पण याहूनही वाईट दिवस पुढे होता. १० सप्टेंबर १९६१. स्थळ इटलीतील मोंझा. जर्मनीचा वोल्फगांग फॉन ट्रिप्स फेरारी गाडीत होता आणि विश्वविजेतेपद त्याच्या अगदी हाताशी आले होते. शर्यतीची दुसरीच फेरी. गाड्या थव्याने धावत होत्या, एकमेकींच्या विरळ हवेत शिरत होत्या. पॅराबोलिका या शेवटच्या वळणाकडे जाताना जिमची लोटस फॉन ट्रिप्सच्या मागून त्याच्या बाजूला येत होती. फॉन ट्रिप्स आपल्या वाटेने डावीकडे सरकला. शेजारी कोणी असल्याची त्याला कल्पना नसावी. चाकाला चाक लागले. फेरारी कडेच्या बांधावर चढली, कुंपणाशी दाटीने उभ्या असलेल्या लोकांत घुसली आणि परत रस्त्यावर येऊन पडली. फॉन ट्रिप्स गेला, आणि त्याच्याबरोबर पंधरा प्रेक्षक. जिमला खरचटलेसुद्धा नाही.

शर्यत थांबवली गेली नाही. फेरारीचाच फिल हिल ती जिंकून विश्वविजेता झाला. इटलीत चौकशी सुरू झाली आणि तिचे शुक्लकाष्ठ जिमच्या मागे काही वर्षे राहिले. अखेर त्याच्यावर दोष लागला नाही. कागदावर प्रकरण मिटले.

मी ती चित्रफीत पाहिली, तीही एकदाच. पुन्हा पाहण्याचे धैर्य झाले नाही. कारण मला ओळखीचा होता तो क्षण, समोरच्याला आपण दिसलो नसल्याचा. कुंभार्लीत त्या ट्रकवाल्याला तो क्षण सुधारायला एक श्वास मिळाला. मोंझाला तेवढाही मिळाला नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न न्यायाधीशाचा. पण बाजूला येणारा मनुष्य दोघांचे प्राण हातात घेऊन येत असतो, आणि त्याला दुसऱ्याच्या नजरेचाही हिशेब ठेवावा लागतो, एवढे त्या चित्रफितीने मला शिकवले. जिमने त्या दिवशी काय भोगले असेल याची कल्पना मी करू धजत नाही. तो बुजरा मनुष्य आपल्या शेतावर परतला. पुढच्या हंगामात पुन्हा गाडीत बसला. हे धैर्य म्हणावे की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

*

यानंतरचा काळ यशाचा. १९६२ मध्ये चॅपमनने लोटस २५ ही नवी गाडी आणली. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी एकसंध पत्र्याच्या टबासारखे तिचे अंग होते आणि चालक त्यात जवळजवळ निजून बसे. त्या गाडीतून जिमने आपली पहिली ग्रां प्री जिंकली ती स्पाला, ज्या रस्त्याचा त्याला तिटकारा होता तिथेच. पुढेही १९६३, १९६४ आणि १९६५ अशी ओळीने तीन वर्षे तो तिथे जिंकला. १९६३ ची शर्यत तर अद्भुतच. आठव्या जागेवरून निघून तो लगेच आघाडीवर गेला. मग मुसळधार पाऊस आला. गिअर आपोआप निसटत होता, म्हणून एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने स्टिअरिंग सांभाळीत तो चालवत राहिला. दुसऱ्या आलेल्या ब्रूस मॅकलॅरनला त्याने पाच मिनिटांस काही सेकंद कमी इतक्या अंतराने मागे टाकले. त्या वर्षी दहापैकी सात शर्यती जिंकून तो विश्वविजेता झाला. विजेतेपद निश्चित झाले ते मोंझालाच, ग्रॅहम हिल आणि गर्नी या दोघांशी पुन्हापुन्हा आघाडीची अदलाबदल करीत, त्याच विरळ हवेच्या खेळात. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसानंतर तिथे तो खेळ खेळताना त्याच्या मनात काय असेल?

त्याच वर्षी तो अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरला. शेवटी शेवटी पुढच्या पार्नेली जोन्सच्या गाडीतून तेल गळू लागले. रस्ता निसरडा झाला होता. जिमने तिथे जिवावर उदार होऊन घुसण्याचे टाळले आणि दुसरा क्रमांक पत्करला. चिडून तक्रारही केली नाही. दोन वर्षांनी, ३१ मे १९६५ रोजी, तो तिथे पुन्हा गेला. दोनशे फेऱ्यांपैकी एकशे नव्वद फेऱ्या आघाडीवर राहून त्याने ती शर्यत जिंकली. इंजिन मागे असलेल्या गाडीचा तिथला हा पहिला विजय. त्याच वर्षी तो दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला. एका वर्षात हे दोन्ही मान मिळवणारा दुसरा कोणी अद्याप झालेला नाही.

त्याच्या विजयांपेक्षा मला मात्र एक पराभवच अधिक आवडतो. तोही मोंझाचाच, १० सप्टेंबर १९६७ चा. अपघाताला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. तेराव्या फेरीच्या सुमारास त्याचे चाक पंक्चर झाले. ते बदलण्यात अख्खी फेरी गेली. बहुतेक चालक तिथे मनाने हरले असते. तो परत रस्त्यावर आला, आघाडीच्या गाड्यांना ओलांडून आधी गमावलेली फेरी भरून काढली, आणि मग तेवढेच अंतर पुन्हा कापून त्याच गाड्यांना दुसऱ्यांदा गाठले. एकामागून एक त्यांना मागे टाकीत शर्यत संपायला थोड्या फेऱ्या उरल्या असताना तो पहिला झाला. चित्रफितीत कोठेही चकमक दिसत नाही. कोणाला ढकलणे नाही, चाकाला चाक लावणे नाही. गाडी मागे दिसते, मग शेजारी दिसते, मग पुढे. समोरच्याला ती दिसत असते आणि तिचे काय होणार हेही कळत असते.

शेवटच्या फेरीत इंधन इंजिनपर्यंत पोहोचेना. गाडी आचके देऊ लागली. जॉन सर्टीज आणि जॅक ब्रॅबम पुढे निघून गेले. पॅराबोलिकाच्या वळणात ब्रॅबम पोटाकडून घुसला. पण ब्रेक उशिरा पडल्याने घसरून बाहेर गेला. सर्टीजने सबुरी धरली होती. तो आतून निघाला आणि दोन दशांश सेकंदाने जिंकला. पुढे जाण्याचे ते दोन्ही मार्ग, घाईचा आणि सबुरीचा, एकाच वळणात दिसले. जिम तिसरा आला. पण त्या दिवशीचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले ते त्याचे.

*

१ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे जिमने पंचविसावी ग्रां प्री जिंकली आणि फांजिओचा चोवीस विजयांचा विक्रम मोडला. एकूण बहात्तर शर्यतींतले हे पंचवीस विजय. ती त्याची शेवटची ग्रां प्री ठरली.

७ एप्रिल १९६८. जर्मनीतील हॉकेनहाइम. शर्यत दुय्यम दर्जाची, गाडी लहान, हवा ओली. जिम आठव्या क्रमांकावर होता. पाचव्या फेरीत जंगलातून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर त्याची गाडी एकाएकी भरकटली आणि झाडांवर जाऊन आदळली. कडेला अडथळा असा नव्हताच. मागच्या टायरची हवा गेली असावी असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. तो बत्तीस वर्षांचा होता. मन सुन्न करणारी गोष्ट ही की त्या वेळी त्याच्या पुढे किंवा मागे जवळपास कोणी नव्हते. तो कोणाला मागे टाकत नव्हता, कोणी त्याला मागे टाकत नव्हते. तो एकटा होता. इतक्या निर्दोष हाताच्या माणसाचे असे होते, तर आपला पाड काय, असा धसका त्या काळच्या सगळ्या चालकांनी घेतला. रस्त्याच्या कडा सुरक्षित करण्याची मागणी त्यानंतर जोराने पुढे आली.

चर्नसाइडच्या चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे. तिच्यावरच्या शिळेवर आधी एडिंग्टन मेन्सचा शेतकरी असा त्याचा उल्लेख आहे, आणि मग जगज्जेता मोटारशर्यतपटू असा. जवळच्या डन्स गावी त्याचे चषक एका खोलीत मांडलेले होते. २०१९ मध्ये तिथे त्याच्या नावाचे नवे संग्रहालय उघडले.

*

दोन महिन्यांनी काकांनी किल्ली परत दिली. पुन्हा तोच कुंभार्ली घाट, पुन्हा पुढे एक लादलेला ट्रक. मी अंतर ठेवून मागे राहिलो. किंचित उजवीकडे सरकलो तेव्हा त्याच्या आरशात एक चेहरा दिसला, डोक्याला मळकट फडके बांधलेला. त्यानेही मला पाहिले. पण वळणांमागून वळणे येत होती, पुढचे काही दिसत नव्हते, आणि शर्यतीच्या रस्त्यावर सगळे एकाच दिशेने जातात, घाटात तसे नसते. म्हणून मी साइड मागितलीच नाही. घाटमाथ्यावर रस्ता सरळ आणि मोकळा झाला, तेव्हा ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून पुढे जाण्याची खूण केली. मी पुढे गेलो आणि हात वर करून त्याचे आभार मानले.

काकांना काही सांगावे म्हणून मी शेजारी पाहिले. त्यांना केव्हाच झोप लागली होती.